राजसीच्या घशातला बटण सेल

रंगीत लाइटचा चपटा रिमोट फरशीवर उघडा पडला होता. सेलची जागा रिकामी. शेजारी दोन वर्षांची राजसी लाळ गाळत गप्प बसली होती.

तिच्या आईने, मनालीने, रिमोट उचलला. "आई, यातला सेल तुम्ही काढलात?"

"मी घड्याळाचा पेन्सिल सेल बदलला तेवढाच," तिच्या सासूबाई, भिमाबाई, म्हणाल्या. मग त्यांनी नातीकडे पाहिलं. "गिळला असेल तर पडेल शीतून. सुजितने रुपया गिळला होता लहानपणी. केळं दे तिला."

मनालीने केळं सोललंही. राजसीने तोंड फिरवलं आणि ती खोकली. लाळेत तांबूस तार होती. केळं तिथेच टाकून मनाली तिला उचलून जिना उतरली. कात्रपच्या चौकात रिक्षा मिळेपर्यंत भिमाबाई अनवाणीच येऊन पोचल्या.

जवळच्या दवाखान्यात काढलेल्या एक्स-रेमध्ये छातीच्या वरच्या भागात पांढरा गोल दिसला, आतून आणखी एक कड.

"नाण्याला अशी दुहेरी कड नसते," डॉक्टर म्हणाले. "लिथियमचा बटण सेल आहे."

"फुटला तर नाही ना?" भिमाबाईंनी विचारलं.

"फुटायची गरजच नाही, आजी. घशाखालची अन्ननलिका ओली असते, त्या ओलीतूनच वीज वाहते. पेन्सिल सेलच्या दुप्पट व्होल्टेज आहे याला. जिथे अडकलाय तिथे कॉस्टिक, म्हणजे जाळणारा क्षार, तयार होतो आणि आतून जळत जातं. आमच्याकडे घशातून आत घालायची दुर्बीण नाही. उल्हासनगरच्या हॉस्पिटलला कळवलंय, लगेच निघा. पाणीसुद्धा देऊ नका."

मनालीने ॲम्ब्युलन्समधून नवऱ्याला, सुजितला, फोन केला. तो आनंदनगरच्या कारखान्यात इन्व्हर्टरच्या बॅटऱ्यांत ॲसिड भरायचा. ॲसिडच्या थेंबाने शर्टाची कशी चाळण होते, हे त्याला ठाऊक होतं. "कॉस्टिक?" त्याने विचारलं. तो तसाच उल्हासनगरला निघाला.

उल्हासनगरला दुर्बिणीतून सेल निघाला, काळा पडलेला. पण सर्जनबाईंचा चेहरा सैल झाला नाही. "अन्ननलिकेची भिंत भाजलीय. सेल काढल्यावरही जखम खोल जाऊ शकते. भोक पडलं तर..."

राजसीला नाकातल्या नळीतून दूध जाऊ लागलं. ती खोकली की मनाली उशीवर रक्त शोधायची. भिमाबाई खुर्चीतून हलत नव्हत्या. "मी केळं दे म्हणाले," एवढंच पुटपुटायच्या. मनालीने एकदा त्यांचा हात धरला.

कितीतरी दिवसांनी तपासणी झाली. भोक नव्हतं. नलिका आक्रसली तर ती पुन्हा पुन्हा रुंद करावी लागेल, असं सर्जनबाईंनी बजावलं आणि चमचाभर पाणी द्यायला सांगितलं.

सुजितने चमचा पुढे केला. राजसीने पाणी गिळलं. तिघंही तिच्या गळ्याकडे बघत राहिले.

"अजून," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.