कानात कापूस घालून ऐकायचे तुकडे

आमच्या ग्रुपवर नुसतं ‘छान आहे’ असं लिहायला बंदी आहे आणि ती मीच घातली. छान काय, शेजारणीची नवी साडीही तोंडावर छानच असते. सिनेमातल्या संगीताचा तुकडा पाठवायचा, तर तो कोणतं काम करताना ऐकायचा हे सोबत सांगायचं. भेंडी चिरताना. एसटीची वाट बघताना. जावेशी भांडण झाल्यावर भांडी घासताना. ज्याला काम सुचत नाही त्याने तुकडा नीट ऐकलेलाच नाही, असं माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही.

गाणी आमच्याकडे चालत नाहीत. गाणी सगळं जग ऐकतं. आम्ही ऐकतो ते मागचं संगीत. नायिका एकटीच जिना चढत असते, कुणी काही बोलत नसतं आणि मागे नुसती बासरी वाजत असते, ते. माझं मस्तगडला ब्लाउज आणि फॉल-पिकोचं दुकान आहे. गाणं लावलं की मी शब्दांच्या मागे जाते आणि डावी बाही उजवीकडे लागते. मागच्या संगीताला शब्द नसतात. ते सरळ पायात उतरतं आणि माझी मशीन अजून पायानेच चालते.

हा नाद लावला गयासभाईंनी. गयासोद्दीन गादीवाले, माझ्या दुकानासमोरच त्यांचं गाद्या-रजयांचं दुकान. आमचे हे गेले त्या वर्षी मी दुकान उघडून बसायचे खरी, पण मशीन थांबली की अशी शांतता पडायची की पुन्हा पाय हलवायची भीती वाटायची. एक दिवस समोरून व्हायोलिनं ऐकू आली. मी कात्री हातात घेऊन तशीच रस्ता ओलांडून गेले.

“हे कोन्तं गाणं हो?”

“गाणं न्हाई ताई,” गयासभाई रजईला टाके घालता घालता म्हणाले. “ती बहीण भावाला स्टेशनावर वळखती ना, त्याच्या मागचं हाय. टाके बराबर पडतात याच्यावर.”

त्या दिवशी माझी तीन गिऱ्हाइकं ताटकळली आणि मी व्हायोलिनं ऐकत बसले. आमच्या ग्रुपची सुरुवात ती. पुढे जाफराबादचा धर्मराज आला. तो काळीपिवळी जीप चालवतो. अंतरवाली सराटीच्या चौकात चहाची टपरी असलेल्या झुंबरबाई आल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, आलेलं गिऱ्हाइकाकडून वाचून घेतात आणि आपलं बोलून पाठवतात. मग याचा मेहुणा, त्याची भाची असं करत गाडी भरली. दर रविवारी सकाळी प्रत्येकाचा एक तुकडा यायचा. आठवडाभर मला ते पुरायचे. दुकानात मी एकटी बसलेय असं मला पुन्हा कधी वाटलं नाही.

मागच्या दिवाळीनंतर बासरी पातळ व्हायला लागली.

आधी मी धर्मराजवर घसरले. “असले फाटके तुकडे कुठून उचलतो रे?” मग मोबाइलवाल्याशी भांडले. त्याने बिचाऱ्याने नवा स्पीकर दिला, मी तोही परत केला. संतूर गेलं. व्हायोलिनं दूरच्या गल्लीत गेल्यासारखी झाली. एका बाईने चार वेळा सांगूनही मी तिचा गळा मागून खोल शिवला, तेव्हा माझी मुलगी तृप्ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. कानाच्या नसा वयाने थकल्या, बारीक आवाज आधी जातात, असं ते म्हणाले. मशीन लावा. माझ्या आयुष्यात अजून एक मशीन.

ते यंत्र कानात घातलं आणि जग ओरडायला लागलं. कोथिंबीर निवडायचा आवाज, पिशवीचा आवाज, माझ्याच बांगड्यांचा आवाज. माणसांचं बोलणं मात्र लख्ख ऐकू आलं. तृप्ती खुश झाली, गिऱ्हाइकं खुश झाली. मी दुकानात येऊन बासरी लावली. कुणीतरी पत्र्यावर चमचा घासतंय असं वाजलं. शहनाई शेळीसारखी ओरडली. डॉक्टर म्हणाले, हे यंत्र बोलण्यासाठी असतं, संगीताची सवय हळूहळू होईल, बटणं थोडी फिरवून बघू. त्यांनी फिरवली. शेळीचं करडू झालं, बाकी काही नाही.

लोक पेढे मागत होते, म्हणे कान आले. मला कुणाला सांगता येईना की माझे कान आले आणि माझं तेवढंच एक सुख गेलं. यंत्र नाही घातलं तर ऐकू येत नाही. घातलं तर ऐकवत नाही. रविवारी तुकडे यायचे आणि मी फोनकडे नुसती बघत बसायचे. शेवटी एका रविवारी रागारागाने लिहिलं, “माझे कान संगीताच्या कामातून गेले. तुम्ही ऐका. मी निघाले.” आणि निघाले. भरल्या ताटावरून उठतात तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गयासभाई दुकानात आले.

“ताई, तुम्ही निघून गेल्ता ग्रुपातून? मी तर समजलो बोट चुकून लागलं.”

“बोट न्हाई चुकलं. मला ते सगळं पत्र्यावानी ऐकू येऊन राह्यलं, भाई. उगंच तुमच्यात बसून काय करू?”

गयासभाईंनी माझ्या कानातल्या यंत्राकडे पाहिलं. त्यांना वाईट वाटलं की तोंडावर काही दिसत नाही, फक्त टोपी काढून पुन्हा घालतात. तशी ती त्यांनी घातली.

“म्हंजे बारीक आवाज गेले. जाडे हायेत का?”

“मला काय ठाऊक! जाडं मी ऐकते कुठं?”

हे खरं होतं. ढोल, नगारे, पाठलागाचं दणदण संगीत मी ग्रुपवर येऊच द्यायचे नाही. माझ्या मशीनचा खडखडाट पुरे आहे, वर तुमचा नको, असं सगळ्यांना बजावलेलं होतं.

“बघतो,” गयासभाई म्हणाले आणि गेले.

त्यांनी काय बघितलं ते मला पुढच्या रविवारी कळलं. मला न विचारता त्याच सोमवारी ग्रुपात परत घेतलेलं होतं, मी आठवडाभर तिकडे फिरकलेच नव्हते आणि वर गयासभाईंचा आठवडाभर जुना हुकूम होता. ‘बेबीनंदाताईंना जसं ऐकू येतं तसं आपणबी ऐकायचं. दोन्ही कानात कापसाचे बोळे घट्ट घालायचे. त्याच्यातून जे आत येईल तेच पाठवायचं. कापूस कमी पडला तर माझ्याकडून न्या.’

आमच्या जिल्ह्यात कापूस कमी पडायचा प्रश्नच नव्हता. झुंबरबाईंनी टपरीमागच्या शेतातूनच आणला होता. त्यावर गयासभाईंनी लिहिलं होतं, ‘सरकी काढून घाला, न्हाईतर कानात झाड उगवंल.’

मग आठवडाभरात जे काय झालं ते मी वाचत गेले. धर्मराज जाफराबादच्या स्टँडवर जीप भरेपर्यंत बोळे घालून बसायचा. एकदा मागे दोन बायकांचं खिडकीवरून भांडण जुंपलं, पार एकमेकींच्या माहेरापर्यंत गेलं आणि हा पठ्ठ्या पुढे मान डोलावत बसलेला. झुंबरबाईंचं रेकॉर्डिंग होतं. “कट मागितला त्याला फुल्ल दिला, फुल्ल मागितला त्याला बिस्कूट दिलं. समदा चौक मला हसून राह्यला. पन म्या बोळे न्हाई काढले.” गयासभाईंनी तर दुकानात बसून बोळे घातले होते. गादी घ्यायला आलेला एका नवरदेवाचा बाप बराच वेळ हाका मारून निघून गेला म्हणे.

मी हसायला लागले आणि हसता हसता डोळे कधी भरले ते कळलं नाही. कुठे अंतरवाली, कुठे जाफराबाद. रक्ताचं नातं नाही, जात-पात एक नाही, यातल्या निम्म्यांची मी तोंडंसुद्धा पाहिलेली नाहीत. आणि ही माणसं माझ्यासाठी कानात कापूस कोंबून बसली होती. माझ्या सख्ख्या भावाने यंत्र घातल्यावर ‘केवढ्याला पडलं’ एवढंच विचारलं होतं.

सोमवारी दुकान उघडलं, यंत्र नीट बसवलं, स्पीकर मशीनच्या फळीवर ठेवला आणि देवाला हात जोडून पहिला तुकडा लावला. धर्मराजचा. डाकू डोंगर उतरतात तेव्हाचे नगारे. वरून पत्रे फेकावेत तसं झालं. दुसरा लावला, तिसरा लावला. सगळीकडे नगारे, डफ, खर्जातलं काहीतरी घुरघुरणारं. कपाळ ठणकायला लागलं. मला सगळं कळून चुकलं. ह्या शहाण्यांनी कापूस घालून आवाज दाबले होते आणि माझं यंत्र आवाज उपसून वर काढत होतं. त्यांच्या कानात जे मऊ झालं ते माझ्या कानात आपटत होतं. एवढी सगळी माणसं मनापासून झटली होती आणि एकजात सगळी चुकली होती.

आता हे त्यांना सांगायचं कसं? मला लोकांना तोंडावर बोलायची सवय आहे, पण ह्यांना ‘तुमचं सगळं चुकलं’ म्हणायला माझीही जीभ वळेना. मी यंत्र काढलं आणि डबीत टाकलं. स्पीकर बंद करायचाही कंटाळा आला. वाजू दे पडला तिथे. संध्याकाळी एक ब्लाउज द्यायचा होता. मी बाही घेतली, सुईखाली धरली आणि पाय चालवायला लागले.

बाही लावून झाली. दुसरी घेतली. पाय आपला चालला होता. मध्ये धागा तुटला म्हणून थांबले आणि लक्षात आलं की पाय मी थांबवलाय, पण फळीची थरथर थांबलेली नाही. ती माझ्या तळहातांत येत होती. मी हात तसाच ठेवला. मग कान फळीजवळ नेला, माझा तोच, डॉक्टरांनी थकलाय म्हणून सांगितलेला कान.

गयासभाईंचा तुकडा होता. तो मोठा व्हायोलिनसारखा असतो ना, जो मांडीशी उभा धरून वाजवतात, तो. एकटाच. खोल, सावकाश, जाडा आवाज आणि त्याच्यात ना पत्रा, ना चमचा, ना शेळी. होता तसाच्या तसा. मी ताठ बसले तरी येत होता. अर्धा कानांतून येत होता, अर्धा लाकडातून.

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. ह्या लोकांनी माझ्या यंत्रासाठी काही शोधलंच नव्हतं. त्यांनी कापूस घालून माझा उघडा कान शोधला होता. मीच मूर्ख, ते यंत्र चढवून बसले. मी धर्मराजचे नगारे पुन्हा लावले. डोंगरावरून डाकू कसे उतरावेत तसे उतरले, टापा मोजता याव्यात असे. झुंबरबाईंचा डफ लावला. गिऱ्हाईक दारात उभं राहून काहीतरी बोलत होतं, तोंड हलताना दिसत होतं. मी हाताने ‘बसा’ म्हटलं आणि तिला बसवून ठेवलं. रडत होते म्हणून ती घाबरली असावी. “काही न्हाई झालं, माझे लोक आलेत,” मी म्हणाले. तिने मागे वळून रस्त्याकडे पाहिलं.

मग रस्ता ओलांडून गयासभाईंकडे गेले. त्यांच्या गादीवर बसले. त्यांनी विचारलं असावं, ऐकू आलं का? मी मानेनेच हो म्हटलं. त्यांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली.

पुढच्या रविवारी माझाही तुकडा गेला. मी लिहिलं. ‘गयासभाईंचाच तुकडा परत पाठवते. यंत्र डबीत ठेवून, स्पीकर फळीवर ठेवून, बाही लावताना ऐकायचा. तुम्ही माझं काय परत आणून दिलंय ते तुम्हाला कळायचं नाही आणि मला सांगता येत नाही. लई उपकार झाले. आता सगळ्यांनी बोळे काढा, नाहीतर तुमचेही कान जातील.’

धर्मराजने लगेच लिहिलं, ‘काढले मावशी. आज जीपमधल्या बायकांनी मला पहिल्यांदा शिव्या दिलेल्या ऐकू आल्या.’ गयासभाईंनी लिहिलं, ‘जाड्या आवाजांवरची बंदी उठली असं समजायचं का?’ मी म्हटलं, उठली.

झुंबरबाईंचं रेकॉर्डिंग दुपारी आलं. माणसाचं बोलणं ऐकायचं तर यंत्र लागतं, म्हणून मी ते घातलं. मागे चहा उकळत होता, कुणीतरी पेले विसळत होतं आणि त्या जरा मोठ्यानेच बोलत होत्या.

“म्या न्हाई काढले बाई. म्हन्लं, बेबीनंदा आता जलमभर आसंच ऐकनार, मंग रविवारच्या रविवार म्याबी तिच्यासंगं आसंच ऐकते. येकटीनं कशाला ऐकायचं?”

ते मी दोनदा ऐकलं. मग यंत्र काढून डबीत ठेवलं आणि त्यांनी पाठवलेला तुकडा लावला.