लाभ, दोन, तीन

खोलीत संगणक तीन होते, त्यातले चालणारे दोन. खुर्च्या चार, माणसं तीन. सुशांतच्या प्रोग्रॅममध्ये पडदे सात, आणि मी लिहिलेल्या चाचण्या साठ. साठही पास.

सांवेर रोडवरच्या ह्या कंपनीत मला एक महिन्यासाठी घेतलं होतं. बाबांची मिल बंद झाल्यापासून घरात पगार माझाच. टेस्टर म्हणजे काय हे शेजारी कोणाला सांगता येत नसे, फिजिक्सची एम.एस्सी. एवढंच सगळ्यांना कळायचं. मालक सुजयजी पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "लिहिणाऱ्याला दिसत नाही ते तुला दिसतं, हे महिन्याभरात दाखव." महिना शनिवारी संपत होता. सोमवारी प्रोग्रॅम सियागंजच्या एका व्यापाऱ्याच्या गोदामात बसणार होता, ट्रकमधून उतरणारी पोती मोजायला.

सुजयजींनी दिलेल्या झेरॉक्स पानांतून मी दोन गोष्टी शिकले होते. बटण दाबायच्या आधी उत्तर काय यायला हवं ते लिहायचं. आणि कडा तपासायच्या: शून्य, पहिलं, शेवटचं, रिकामं. प्रयोगशाळेत वाढलेल्या मुलीला हे परकं वाटलं नाही. खटकत होतं ते वेगळंच. साठही चाचण्या मी खुर्चीत बसून, स्वतःच्या हाताने केल्या होत्या. गोदामातला हात त्यात कुठेच नव्हता.

म्हणून गुरुवारी सियागंजला गेले. काट्यापाशी तोलणारे लक्ष्मणजी पोत्याचा नंबर आणि वजन पुकारत होते, मुनीमजी लिहून घेत होते. "लाभ, बासठ किलो! दो, इकसठ! तीन, बासठ!"

"एक नहीं बोलते?" मी विचारलं.

"पहली बोरी को एक कौन बोलता है, बिटिया?" मुनीमजी हसले. शकुन म्हणून पहिल्या पोत्याला एकाऐवजी 'लाभ' म्हणायची तिथली रीत. त्यांच्या कागदावर पहिल्या पोत्यापुढे वजन होतं, नंबराची जागा कोरी.

परत येऊन मी सुशांतला म्हटलं, "पहिलं पोतं मोजलं जाणार नाही. मुनीमजी नंबर भरणारच नाहीत, आणि नंबर नसेल तर तुझा प्रोग्रॅम ती ओळ टाकून देतो."

"टाकणारच! कोरी ओळ म्हणजे मिस्टेक. ती सोय मीच केलीये." तो सुजयजींकडे वळला. "भिया, ही एकदा सियागंजला काय गेली, डायरेक्ट हमालांची लीडर झाली! अरे, समोर पडद्यावर नंबराचा रिकामा डब्बा दिसतोय तर माणूस नंबर भरेल ना, यार."

"तू भरशील," मी म्हटलं. "म्हणूनच तुझ्या हाताने तपासून उपयोग नाही."

सुजयजींनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "भांडू नका. शनिवारी खऱ्या मालावर बघू, त्यांच्याच माणसांकडून. गिनती बरोबर आली, तर अमिता, सोमवारपासून सुशांत एकटा पुरे."

"चालेल," मी म्हटलं.

शनिवारी चालणाऱ्या दोन संगणकांपैकी एक रिक्षातून गोदामात नेला. सुशांतने मुनीमजींना कोणती बटणं दाबायची ते दाखवलं. नंबराबद्दल आम्ही दोघंही बोलायचं नाही असं ठरलं होतं. मी भिंतीवर खडूने लिहिलं: पोती ४०, पडद्यावर ३९. सुशांतने खाली लिहिलं: ४०.

लक्ष्मणजींनी पुकारायला सुरुवात केली. शेवटचं पोतं काट्यावरून उतरलं तेव्हा मुनीमजींनी बेरजेचं बटण दाबलं.

पडद्यावर एकोणचाळीस.