आमिनाबीच्या पालासमोर

“माता-भगिनींनो, खोकताना, शिंकताना, मोळी उचलताना...” दिंद्रुडच्या बाजारात आसारामचा भोंगा इथवर आला आणि अडखळला. कागदावर पुढे ‘लघवी’ असा शब्द होता.

“तुला कवापासून तरास बे, आसाराम?” चहाच्या गाड्यावरून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. रिक्षाजवळून चाललेल्या दोन बायांनी पदर पुढे ओढून वाट बदलली.

बावीस वर्षं आसाराम रिक्षाला भोंगा लावून पुकारा करत होता. सर्कस असो, बियाणं असो, रक्तदान असो, त्याने हाक दिली की माणसं यायची. पण लघवी न आवरणाऱ्या थोरल्या बायांसाठी वनमालाताईंच्या बचत गटाने शिवलेले हे पॅड तीन बाजार झाले तरी त्याच्या रिक्षातून हलले नव्हते. आणि आमिनाबी मणेरणीने बांगड्या भरता भरता दोन पोती संपवली होती.

“आता सगळा माल तिच्याकडंच देते,” वनमालाताई म्हणाल्या. “राग नका मानू, दादा.”

राग नव्हता, हेवा होता. आमिनाबीचा आवाज शेजारच्या पालातही जात नसे. बाई हात पुढे करायची, आमिनाबी तो दाबून दाबून मऊ करायची, दोघींची डोकी जवळ यायची. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं तरी बांगडी रुतली असेल म्हणून कुणी विचारत नसे. उठताना बांगड्यांच्या कागदात गुंडाळलेलं पुडकं पिशवीत गेलेलं असायचं.

“काय सांगतीस गं त्यांना?” त्याने एकदा विचारलं होतं.

“म्या कशाला सांगू? त्याच सांगत्यात. मी हात सोडत न्हाई, बस.”

आज त्याने रिक्षा थेट तिच्या पालासमोर लावली, भोंगा आत वळवला आणि कागदावरचं सगळं, तो शब्दही न गाळता, वाचून टाकलं. पालातल्या बाया भर्रकन उठल्या. एकीला उठता आलं नाही. बांगडी पेरांवर अडकली होती आणि हात आमिनाबीच्या मुठीत होता. तिने मोकळ्या हाताने पदर तोंडावर घेतला.

ती त्याची बायको होती, मंजुळा. मागच्याच बाजारी तिने हातभर बांगड्या भरल्या होत्या, तरी आज पुन्हा बसली होती. दोन वर्षं ती कुठल्या लग्नाला आली नव्हती. रिक्षात बस म्हटलं की ‘तुमी जावा’ म्हणायची. तो चारचौघांत तिला आळशी म्हणायचा.

“भाऊ, लई झालं,” आमिनाबी हळूच म्हणाली.

आसारामने कागद घडी करून खिशात घातला. माइक मात्र ठेवला नाही. घसा खाकरला.

“आमिनाबीकडं नव्या बांगड्या आल्यात हो! हिरव्या, लाल, राजवर्खी! गड्यामाणसांनी पालापुढं थांबू न्हाई!”

एकेक करून बाया परतल्या. मंजुळाने पदर खाली घेतला, आमिनाबीच्या कानाशी वाकली आणि बोलू लागली. बराच वेळ बोलत राहिली. आसाराम पुकारत होता. त्याला त्यातला एक शब्दही ऐकू येत नव्हता.