पडदाभर जिभा

जीभ दाबायच्या लाकडी पट्टीचं टोक गोल असतं. तिच्यावर फोन टेकवला, तर तो किंचित डावीकडे कलतो. त्यामुळे त्या दिवशी पडद्यावर डॉक्टर बसवंतप्पा, मागचं औषधांचं कपाट आणि भिंतीवरचं घड्याळ, सगळंच पडायला आल्यासारखं दिसत होतं.

भालकीत त्यांना सगळे अप्पा म्हणतात. शेजारच्या गाळ्यात माझी रक्त तपासायची लॅब आहे. डॉक्टर आणि सॉफ्टवेअरवाले मिळून एक ऑनलाइन गट चालवतात, त्यात या म्हणून मी वर्षभर अप्पांच्या मागे लागले होते. गटाचं अ‍ॅप पुढच्या आठवड्यात संतपूरच्या आशा कार्यकर्त्यांच्या हातात जाणार होतं: त्यांनी पेशंटचा फोटो काढायचा, डॉक्टरांनी तो बघून सल्ला द्यायचा. पण आमच्या खेड्यांतली माणसं रोज तपासणारं गटात कुणीच नव्हतं. मी तर काचपट्ट्या बघते.

अप्पांचं उत्तर ठरलेलं. "बघू."

त्या दिवशी ते नुसतं ऐकायला बसले होते, तेही नर्स सावित्रम्मांच्या टोमण्यामुळे. "नातवाचा नाच बघायला फोन चालतो, मग कामाला कामून न्हाई?"

बैठक अ‍ॅपमधूनच होती. चौकोनाचौकोनांत चेहरे उमटले. मीही अप्पांच्या दवाखान्यातच कोपऱ्यात माझा फोन लावून बसले.

"नमस्कार अप्पा, मी वीरेश," बंगळूरहून अ‍ॅप बनवणारा म्हणाला. "आमच्या अ‍ॅपमध्ये..."

तक्रार ऐकण्याआधी जीभ बघायची, ही अप्पांची रीत. समोर चेहरा आला की तोंडातून आपोआप निघतं.

"आधी जीभ दाखव."

वीरेश मूळचा संतपूरचा. लहानपणी त्याचा प्रत्येक ताप अप्पांनीच उतरवलेला. त्याने मुकाट्याने जीभ काढली. बाकीच्यांना वाटलं, कॅमेऱ्याची चाचणी चालली आहे. हुबळीच्या बालरोगतज्ज्ञांनी काढली. म्हैसूरच्या प्राध्यापकांनी चष्मा सावरून काढली. मीही काढली. पडदाभर जिभा.

सावित्रम्मा तोंडात पदर कोंबून भिंतीला टेकल्या. बाहेरच्या बाकावरचे पेशंट उद्धवराव दारातून डोकावले, त्यांनी पडदा बघितला आणि आपलीही काढली.

"तुमचा नंबर न्हाई आला अजून," सावित्रम्मा कशाबशा म्हणाल्या.

जीभ बाहेर ठेवून हसलं की उचकी लागते, हे मला त्या दिवशी कळलं.

फक्त अप्पा हसत नव्हते. ते पडद्याकडे बघत, मग माझ्याकडे, पुन्हा पडद्याकडे.

"मंजुश्री, हिमोग्लोबिन किती तुझं?"

मी नऊ बोटं दाखवली.

"व्हय, दिसायलंय. इथं जीभ पांढरीफटक, आन् फोनात डाळिंबागत. समद्यांच्याच डाळिंबागत. वीरेश, काय केलास रे?"

"खेड्यात उजेड कमी असतो, अप्पा. फोटो चांगला यावा म्हणून अ‍ॅप रंग उजळवतं."

"कामून? पोरगी दाखवायला न्यायलास का? संतपूरची बाळंतीण पांढरी पडली, तर तुझं अ‍ॅप तिला गुलाबी करून पाठवणार. आन् मी इथं बसून म्हणणार, बरी हाय, घरीच ऱ्हाऊ दे."

एकेक जीभ आत गेली.

"आत्ताच काढून टाकतो," वीरेश म्हणाला. "पण अजून असं काय काय चुकलंय, ते आम्हाला कळणार न्हाई, अप्पा."

उद्धवराव दारात अजून तसेच उभे होते. अप्पांनी त्यांना आत बोलावलं आणि सवयीने फोनमागची पट्टी ओढली. फोन उताणा पडला. सगळ्या पडद्यांवर आमचा पंखा फिरू लागला.

"ती नको, नवी घ्या," सावित्रम्मा ओरडल्या.

"अप्पा? दिसत न्हाईत तुम्ही," टेबलावरून वीरेशचा आवाज आला.

अप्पांनी नवी पट्टी घेतली, उद्धवरावांची जीभ दाबली, खिडकीकडे वळवून नीट बघितली. मग छताकडे तोंड केलेल्या फोनवर वाकून म्हणाले,

"वीरेश, माझं नाव घाल गटात. मी यायलोय."