पाच बोटांचा गंज

मी एक जुना साचा आहे. जेवणाच्या डब्याच्या झाकणाचा. कळमेश्वरच्या एका कारखान्यामागे, पत्र्याच्या शेडमध्ये पडून आहे. शेजारी एक मोडका पंखा आहे, पण त्याच्याशी बोलून काही उपयोग नाही. तेव्हा मित्रांनो, आज तुम्हीच ऐकून घ्या.

माझ्या अंगभर गंज चढला आहे. तो कुणालाही दिसतो. पण आतल्या बाजूला, जिथे मी एके काळी आरशासारखा चकाकत होतो, तिथे पाच बोटांचे तपकिरी ठसे आहेत. त्या ठशांची गोष्ट कुणाला ठाऊक नाही.

मी आधी पोलादाचा नुसता ठोकळा होतो. मला आकार दिला तो मायाने. माया ही कारखान्यातली साचे बनवणारी इंजिनिअर. पार मनीषनगरहून स्कूटर हाकत यायची, डोक्यावरचा स्कार्फ सोडायची आणि थेट माझ्यापाशी. तिने संगणकावर माझं चित्र काढलं, यंत्रांकडून मला कोरून घेतलं. माझे दोन भाग झाले, एक खोलगट आणि एक उंच. दोन्ही मिटले की मधल्या फटीत पातळ गरम प्लॅस्टिक शिरायचं आणि थंड झालं की झाकण तयार. झाकणाच्या काठाला एक नाजूक ओठ होता. वरण आत थोपवून धरायचं ते त्या ओठाने, म्हणून तिथे केसाएवढीही चूक चालणार नव्हती.

मग तिने मला हाताने घासायला घेतलं. आधी बारीक दगडाने, नंतर हिऱ्याच्या भुकटीच्या मलमाने. दिवसचे दिवस! मान मोडून आली तरी बाई उठायची नाही. आणि हातात कायम पांढरे सुती हातमोजे.

त्या हातमोज्यांचंही एक कारण होतं. काही माणसांचा घामच असा असतो की त्यांनी पोलादाला हात लावला की तिथे गंज धरतो. माया तशांपैकी. नोकरीत नवी असताना तिने घासून लख्ख केलेल्या एका तुकड्यावर दुसऱ्या सकाळी तिच्याच बोटांचे ठसे उमटले होते. साचे कोरायचं मशीन चालवणारा धर्मेंद्र खो खो हसला होता.

"मॅडम, तुमच्या घामाले पोलादाशी दुश्मनी हाय न! हात लावू नका बा."

"मंग हातमोजे घालीन न," माया म्हणाली होती. "त्यात हसाचं काय हाय?"

हसली तीही. पण आपण जीव लावून घडवतो त्यालाच हात लावता येत नाही, हे तिला आतून लागत असावं. मला घासताना तिचा हात कधी कधी हवेतच थांबायचा. मला ते कळायचं.

माझं पहिलं झाकण निघालं तेव्हा मालक मनोहररावांनी आपल्या जेवणातलं पातळ वरण डब्यात ओतलं, झाकण लावलं आणि डबा स्वतःच्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर उलटा धरला. थेंबही सांडला नाही. त्यानंतर येईल त्या पाहुण्याला मनोहरराव हाच खेळ दाखवायचे आणि मी फुशारून जायचो.

मायाचे माझ्याबाबत नियम होते. काम संपलं की मला थंड ठेवणाऱ्या, माझ्या पोटातल्या नळ्यांतलं पाणी हवेने उडवायचं, तेल लावायचं, मगच मला मिटायचं. आणि झाकण अडकलं तर ते फक्त पितळेच्या सळईने काढायचं, कारण पितळ मऊ, त्याने पोलादावर ओरखडा उठत नाही. ती सळई मशीनलाच दोरीने टांगलेली असायची. "स्क्रू-ड्रायव्हर याच्या जवळ आणला त पाहा!" असा तिचा दम होता.

मग एकदा मोठं काम आलं. आमची मशीनं कमी पडली आणि मनोहररावांनी मला बुटीबोरीच्या एका ठेकेदाराकडे धाडायचं ठरवलं.

"साहेब, मी सोबत जाऊ काय?" मायाने विचारलं.

"अवं माया, साचा पाठवून राहिलो, पोरगी नाही पाठवून राहिलो सासरी!"

तेव्हा तिने ती सळईच माझ्या अंगाला घट्ट बांधून दिली. बुटीबोरीत उतरवल्यावर तिथल्या माणसाला वाटलं, गाडीत हलू नये म्हणून काहीतरी बांधलंय. त्याने ती सोडली आणि कोपऱ्यात भिरकावली. पुढे ऐन घाईत एक झाकण अडकलं. त्याने खिशातला स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि नेमका त्या नाजूक ओठापाशी खुपसला.

मित्रांनो, माणसाला जखम झाली तर ती भरते. माझी जखम प्रत्येक झाकणावर उमटत गेली. शाळेतल्या मुलांच्या दप्तरांत वरण सांडलं, वह्या पिवळ्या झाल्या, माल परत आला. मीही परत आलो, पोटात पाणी तसंच साचलेलं.

मनोहरराव मायाला म्हणाले, "दुरुस्त करून पाहा. पण या वेळी वरण सांडलं त हे साचेखातं बंद करतो. बाहेरून तयार साचे आणीन. मले दुसरा रस्ता नाही."

मायाची नोकरी, धर्मेंद्रची नोकरी, सगळं माझ्या त्या ओरखड्यावर आलं. तिने ओरखड्यात धातू भरला आणि पुन्हा तेच घासणं सुरू केलं. मी मनातल्या मनात म्हणत होतो, या बाईसाठी तरी टिक रे बाबा.

झाकण निघालं. मनोहररावांनी वरण ओतलं, डबा उलटा धरला. बराच वेळ काही झालं नाही. धर्मेंद्र हसायच्या बेतात होता. तेवढ्यात नवा धातू जुन्याला जिथे भिडला होता तिथून एक थेंब सुटला आणि सदऱ्यावर पिवळा डाग पडला.

मनोहरराव ओरडले नाहीत. डागाकडे बघत एवढंच म्हणाले, "राहू दे माया."

साचे बनवायची मशीनं विकली गेली. शेवटच्या दिवशी माया आपलं सामान भरून माझ्यापाशी आली. तिने हातमोजे काढले, घडी घालून पिशवीत टाकले आणि उघडा तळवा माझ्या चकचकीत अंगावर ठेवला. तिचा हात उबदार होता. इतकी वर्षं मला ते माहीतच नव्हतं.

"मॅडम, हात काढा! गंज चढन न!" धर्मेंद्र दारातून ओरडला.

"मालूम हाय मले," माया म्हणाली. पण तिने हात काढला नाही.

तेव्हा मला कळलं की मी आता पुन्हा कधी मशीनवर चढणार नाही.

मित्रांनो, घरी एखादं झाकण घट्ट बसलं तर त्यात सुरी खुपसू नका. वस्तू पुसून, कोरडी करून ठेवा. कुणीतरी तिच्यासाठी मान मोडून बसलेलं असतं. ती बिघडली तर त्या माणसाचंही काही मोडतं, आणि ते तुम्हाला दिसत नाही.

परवा भंगारवाला आला होता. त्याने मला उलटंपालटं केलं, अंगठ्याने घासून पाहिलं. वरचा गंज भुगा होऊन खाली पडला. बोटांचे ठसे मात्र निघाले नाहीत. येत्या सोमवारी तो मला भट्टीसाठी न्यायला येणार आहे.

तिने मला हात लावला तो एकदाच, जाताना.