निळा रंग किती वेळ टिकतो

मी दूध तपासायला बसले की बायकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पडू देत. तिसगावच्या दूध केंद्रावर मला पगार त्याचाच आहे. काचेच्या नळीत दूध घ्यायचं, निळ्या रंगाचे थेंब टाकायचे, नळी कोमट पाण्यात ठेवायची आणि घड्याळ बघायचं. दुधात जिवाणू जितके जास्त, तितका रंग लवकर उडतो. चांगल्या दुधात तो पाच तास टिकतो. बनुबाईंच्या दुधातला लागोपाठ दोन दिवस चाळीस मिनिटांत उडाला. तिसऱ्या दिवशीही तसंच झालं, तर नियमाप्रमाणे त्यांचं दूध बंद.

"मावशी, धार काढताना गाईचे सड नीट धुता ना?" मी तोऱ्यातच विचारलं.

"पोरी, ईस वर्सं दूध घालते हितं. गाईला नाव ठिवू नको." आणि मग एकदम हळू आवाजात, "तिला काय आजार तर न्हाई ना झाला? येकच हाय माझी."

मला माझीच लाज वाटली. पाणी जास्त गरम झालं असेल तरी रंग लवकर उडतो, म्हणून आधी थर्मामीटर बघितला. सदतीस, बरोबर. मग त्यांच्या दुधात तेवढंच उकळून गार केलेलं दूध मिसळलं. रंग उडायला ऐंशी मिनिटं लागली. जिवाणू निम्मे, वेग निम्मा, वेळ दुप्पट. कॉलेजात घोकलेलं वेगाचं समीकरण असं समोर उभं राहिलं. म्हणजे माझी तपासणी चुकत नव्हती. दुधात सुरुवातीलाच फार काहीतरी पडत होतं. पण कुठं? गाईत की कॅनमध्ये?

"उद्या कॅन आणाच. शिवाय या उकळलेल्या बाटलीत थेट धार काढा."

तिसऱ्या दिवशी कॅनमधल्या दुधाचा रंग चाळीस मिनिटांत गेला. बाटलीतल्या दुधाचा पाच तासांनी, दुपारी बारालाही, जसाच्या तसा.

"मावशी, गाय ठणठणीत आहे! हा कॅन कुठं कुठं जातो?"

"सांच्याला शेजारच्या इमामबीकडं. तिच्या नातवाला म्हशीचं दूध जड पडतं, म्हनून मी गाईचं देते. मग ती कॅन परत देती."

"रिकामा?"

"शेजारनीचं भांडं रिकामं कोन देतं गं? आदी मूठभर शेंगा घालायची. आता तिची म्हैस व्यालीया, तर तीन दिसांपासनं पळीभर ताक घालती."

"आणि ताकाचं काय करता?"

"पिते की! आन कॅन विसळून ठिवते."

मी कपाळावर हात मारून घेतला. ताकातले जिवाणू विसळल्यानं थोडेच जातात! बाटलीच्या निकालावर मी दूध चालू ठेवलं आणि कॅन उकळत्या पाण्यानं धुवायला सांगितला.

चौथ्या दिवशी बनुबाई बाकावरून हलल्या नाहीत. पाच तास झाले. नळी निळीच होती.

"चुकले, मावशी," मी म्हणाले. "तुमच्या गाईत काही खोट नाही."

त्यांनी डोळे पुसले आणि कॅनच्या कडीला बांधलेलं एक फडकं सोडलं. आत भाजलेल्या शेंगा होत्या.

"इमामबीनं आता भाईरून बांधून दिल्यात," त्या म्हणाल्या. "घे, तुज्या वाटनीच्या."