दुसऱ्याच्या कुंडीतला मनीप्लँट

मी मनीप्लँट बोलतोय. कुणावर चटकन विश्वास ठेवायचा नाही, हा माझा स्वभाव. तो तसा झाला लोरीनबाईंमुळे.

अमेरिकेत, नेब्रास्कातल्या एका दुकानात आम्ही चाळीस रोपं होतो. बाईंनी हातातल्या फोटोशी ताडून मला उचललं. फोटो बघून कुणी झाड घेतं का? तेव्हाच म्हटलं, पाणी कुठेतरी मुरतंय.

घरी त्यांनी निळ्या कुंडीतला कुजलेला मनीप्लँट उपटला आणि तिथे मला दाबलं. मग बहिणीला फोन लावला.

"अगं, डेलिया शिबिराला जाताना बजावून गेली होती, आठवड्यातून एकदाच पाणी घाल म्हणून. मी वेडी रोज घालत बसले. आता जत्रेतल्या मुलांच्या झाडांच्या स्पर्धेला चार दिवस उरलेत. तीन महिने स्वतः वाढवलेलंच झाड मांडायचं असतं. पोरीचा जीव त्या पहिल्या बक्षिसाच्या जांभळ्या फितीत अडकलाय, तिला कुठल्या तोंडाने सांगू?"

म्हणजे मी तोतया.

बाईंची दहा वर्षांची लेक डेलिया शिबिराहून परतली. माझी पानं पुसताना तिसऱ्या पानाशी थांबली, ते उलटून पाहिलं आणि पुढचं पान पुसायला घेतलं. हिला कळलंय, पण फितीसाठी ही तोंड उघडणार नाही, असं मी धरून चाललो. खाण तशी माती.

जत्रेत परीक्षक ओल्टमनबाईंनी तिला समोर बसवलं. लोरीनबाई मागे उभ्या होत्या.

"छान तजेला आहे गं. कधीपासून सांभाळतेस?"

डेलियाने मांडीवरची झाडाची नोंदवही मिटली. "परवापासून. माझ्या झाडाचं तिसरं पान मांजरीने कुरतडलं होतं. हे माझं नाही."

लोरीनबाई घाईने पुढे आल्या. "चूक माझी आहे हो. तिला काही माहीत नव्हतं."

"माहीत होतं, आई. तू रडशील म्हणून बोलले नाही."

नियम तो नियम. फीत मिळाली नाही. त्या पोरीवर संशय घेतल्याची मला लाज वाटली.

"पुढच्या वर्षी हेच आणलं तर चालेल?" तिने विचारलं.

"चालेल की," ओल्टमनबाई म्हणाल्या.

आता मी डेलियाच्या खिडकीत आहे. लोरीनबाई जवळ आल्या की अजून अंग चोरतो, खोटं कशाला बोलू. पण मायबापांनो, एवढं ऐका. झाड मेलं तर पोरांना मेलं म्हणून सांगा. पोरांना ते सोसतं. तुमचं खोटं मात्र त्यांना तुमच्यासाठी सांभाळत बसावं लागतं.